आजीच्या साडीचे जॅकेट आता पुरे: फॅशन शिकवणाऱ्यांना एक खुले पत्र

फॅशन डिझाइन शिकवणाऱ्या आणि विद्यार्थ्यांचे पोर्टफोलिओ तपासणाऱ्या सर्व शिक्षकांस,

स. न. वि. वि.

परीक्षेच्या दिवसांत तुमच्या टेबलावर एक जॅकेट हमखास येते. पाठीवर आजीच्या साडीचा पदर, मनगटाला काठ, शेजारच्या फलकावर जुना कृष्णधवल फोटो, विमानाच्या तिकिटाचा तुकडा आणि खाली 'दोन जगांच्या मध्ये' अशा धर्तीचे काहीतरी शीर्षक. आई-वडील आणखी कुठल्या देशातून आलेले असतील तर साडीच्या जागी जपानी किमोनो येतो, घानाच्या विणलेल्या केंटे कापडाची पट्टी येते, मेणछापाचे रंगीत कापड येते. जॅकेट तेच राहते.

हे जॅकेट स्थलांतरितांच्या मुलांना आपणहून सुचत नाही. ते त्यांच्याकडून मागून घेतले जाते आणि मागणारे तुम्ही आहात, म्हणून हे पत्र तुम्हाला. आम्ही पॅटर्न कापणारी आणि कापायला शिकवणारी माणसे. ही मुले कापड घेऊन शेवटी आमच्याच टेबलाशी येतात.

मुलाखतीत त्यांना विचारले जाते, "यात तुझ्या संस्कृतीतले काय आहे?" ज्याचे आजोबा-पणजोबा त्याच शहरात जन्मले, त्याला हा प्रश्न येत नाही. त्याने छत्र्यांवर कलेक्शन केले तर छत्र्यांबद्दल बोलणे होते. स्थलांतरितांच्या मुलीने छत्र्यांवर केले तर, "छान आहे, पण यात तू कुठे आहेस?" पुढच्या सत्रात ती पदर घेऊन येते. गुण वाढतात आणि धडा पक्का होतो.

आता ते जॅकेट उलटे करून पाहा. दोन भागांची बाही, गोल मुंढा (अंगाला बाही जोडायची जागा), खांद्याला पॅड, छातीखाली टक्स, कॉलरच्या आत कॅनव्हास. सगळा सांगाडा पहिल्या वर्षाच्या पुस्तकातला आहे. हाडे पुस्तकाची, कातडी तेवढी आजीची. सहावारी साडी हा पाच-साडेपाच मीटर लांब आणि साधारण सव्वा मीटरपर्यंत पन्ह्याचा सरळ आयत. त्याला आकार येतो तो अंगावर, निऱ्यांनी, खोचण्याने, खांद्यावरून टाकण्याने. रोज नव्याने येतो. अंग सुटले, आटले, बाळंतपण झाले, तरी तीच साडी बसते. जॅकेट शिवताना नेमका हा गुण मारला जातो आणि उरलेल्या नक्षीला आपण वारसा म्हणतो. आमचे म्हणणे एवढेच की या मुलांना नक्षी मागू नका, बेतायला शिकवा. कपडा कसा बेतला आहे यात ओळख जास्त टिकते, आणि तिथे मुलांना खरोखर काही स्वतःचे सापडण्याची शक्यता असते.

किमोनोचे उदाहरण घ्या, कारण ते मोजून दाखवता येते. साधारण ३६ ते ३८ सेंमी पन्ह्याचा, १२ मीटरच्या आसपासचा तागा. तो सरळ रेषांत आठ तुकड्यांत कापतात: अंगाचे दोन, बाह्यांचे दोन, समोरच्या अरुंद पट्ट्या दोन, एक कॉलर आणि कॉलरवरची एक पट्टी. गोल कापणी नसल्यामुळे चिंधी जवळजवळ उरत नाही. जास्तीचे कापड छाटून टाकायचे नाही, शिवणीच्या आत दुमडून ठेवायचे. धुवायची वेळ आली की पारंपरिक पद्धतीत सगळे उसवून तुकडे टोकाला टोक जोडतात, पुन्हा ताग्यासारखी लांब पट्टी होते, ती धुऊन, ताणून वाळवून परत शिवतात. ही एक विचारपद्धती आहे. ती घेऊन साध्या खाकी सुती कापडाचा रेनकोट बेतता येईल, ज्यावर एकही बगळा किंवा चेरीचे फूल नसेल.

जुन्या पद्धतीच्या कुर्त्याचेही तसेच. मधला पट्टा खांद्यावर न तोडता पुढून मागे एकसंध, बाही म्हणजे सरळ आयत, दोन्ही बाजूंना कळ्या, म्हणजे घेरासाठी लावलेले निमुळते तुकडे, आणि काखेत एक चौकोनी तुकडा. तो काखेतला चौकोन फार हुशार असतो. १० सेंमी बाजूचा चौकोन तिरपा बसवला की त्याचा कर्ण १४ सेंमीचा मिळतो, १२ सेंमीचा असेल तर १७. हात वर केला की तेवढे कापड उघडते, खाली घेतला की मिटून काखेत लपते. त्यामुळे हात उचलला तरी कुर्ता वर ओढला जात नाही. पुस्तकातला गोल मुंढा हेच काम वेगळ्या रीतीने करतो आणि तिथे बाहीच्या डोक्याला दोन-तीन सेंमी कापड इस्त्रीने आणि बारीक धावदोऱ्याने जिरवावे लागते.

मुले चुकतात ती या दोन पद्धतींची खिचडी करताना. सरळ आयताची बाही गोल मुंढ्याला लावली की काखेतून छातीकडे तिरप्या ओढी पडतात. मग विद्यार्थी मुंढा खोल करतो, त्याने हात उचलणे आणखी अवघड होते. मग खांद्याला पॅड घातले जाते. दोन दुरुस्त्या झाल्या आणि मूळ चूक जागच्या जागी. कळ्यांचे दुसरे. एका आयतातून तिरपे कापून दोन कळ्या काढल्या की प्रत्येक कळीला एक कड उभ्या धाग्यावर येते आणि एक उरेब, म्हणजे धाग्याला तिरपी. उरेब कड शेजारच्या सरळ कडेला जोडायची, सरळ कड तिला आवरून धरते. दोन उरेब कडा एकमेकींना जोडल्या तर ती शिवण लोंबते आणि घेर खालून वाकडा दिसतो. म्हणून कपडा एक पूर्ण दिवस हँगरला टांगून ठेवल्याशिवाय खालची दुमड घालू नये. वर्गात हे सांगितले जात नाही, कारण वर्गात कळ्या शिकवल्याच जात नाहीत.

आणि इथे आमची खरी तक्रार. तुमच्या गुणपत्रकात 'फिटिंग' नावाचा रकाना असतो. सरळ कापणीचा कपडा अंगावर आला, हात खाली असला की काखेखाली दोन-तीन मोठ्या घड्या पडणारच. ती त्या कपड्याची चाल आहे. पण रकाना भरणारा त्या घड्या पाहतो आणि दोन गुण कापतो, कारण त्याच्या डोळ्याला फिटिंग म्हणजे अंगाला चापून बसणे. म्हणजे मुलीने आजीची नक्षी आणली तर शाबासकी आणि आजीची कापणी आणली तर ढिसाळपणा. पदर जॅकेटवर का चिकटवला जातो, त्याचे अर्धे उत्तर या रकान्यात आहे.

घरात असलेल्या जुन्या कपड्यापासून शिकायचे तर तो कापू नये, उसवूही नये. त्याचा पॅटर्न काढावा. हे पहिल्या वर्षातच शिकवता येईल आणि त्याला मऊ फळी, कागद, टाचण्या आणि दोन दुपारी एवढेच लागते. आधी उभा धागा शोधायचा. पुढच्या भागाच्या मधोमध आणि बाहीवर एकाच धाग्याच्या रेषेत वेगळ्या रंगाचा दोरा हाताने घालायचा, कारण कपडा जिथे सुरकुतला असेल तिथे डोळा फसतो, दोरा फसत नाही. फळीवर कागद, कागदावर कपडा, एका वेळी एकच भाग सपाट. शिवणीवरून टाचण्या सरळ खाली टोचायच्या, सरळ रेषेवर दीड-दोन सेंमीवर, गोलाईवर अर्ध्या सेंमीवर. जुन्या रेशमाला मात्र शिवणीच्या दोन टाक्यांमधूनच टोचायचे, नाहीतर भोके राहतात. कपडा उचलला की कागदावरची भोके पट्टीने आणि फ्रेंच कर्व्हने (गोलाई आखायच्या पट्टीने) जोडायची. मग ज्या दोन कडा एकमेकींना शिवल्या जातात त्यांची लांबी ताडून पाहायची. तीन मिलिमीटरपेक्षा जास्त फरक आला तर एकतर तुमची टाचणी चुकली किंवा मूळ कारागिराने तिथे कापड जिरवले आहे. दुसरे असेल तर ते सोनेच.

डावी-उजवी बाजू वेगळी काढावी. हाताने बेतलेले कपडे दोन्हीकडून सारखे नसतात आणि अर्धा काढून आरशासारखा उलटा केला की मूळ कपड्याचा तोल जातो. आत किती माया ठेवली आहे, कापडाची मूळ किनार शिवणीत वापरली आहे का, जुन्या टाक्यांची भोके कुठे दिसतात, म्हणजे कधी सैल करून घेतला होता का, हेही कागदावर टिपावे. शिवणीतल्या जादा कापडाला आपण माया म्हणतो, तो शब्द इथे अगदी अंगावर येतो: पुढे कोणीतरी वाढेल, म्हणून कोणीतरी आत ठेवलेले कापड.

यातली एक चूक जवळजवळ प्रत्येक जण करतो. वापरलेल्या कपड्याला कोपराशी फुगा आलेला असतो, बसण्याच्या जागी कापड सैल झालेले असते. टाचण्या तोही आकार उचलतात आणि विद्यार्थी तोच पॅटर्न म्हणून कापतो. मांजरपाटाचा नमुना शिवला की कोपराशी कारण नसताना पिशवी दिसते. तो फुगा कारागिराचा नव्हता, घालणाऱ्याचा होता. कमी वापरलेल्या भागातून खरे माप काढून रेषा दुरुस्त करावी. पण तो फुगलेला कागद फेकू नये. पोर्टफोलिओत जुन्या फोटोच्या जागी तो लावला तर एका माणसाने हात कसा वापरला याची ती नोंद आहे, आणि कुठल्याही फोटोपेक्षा बोलकी.

कापडच कापायचे ठरले असेल तर आधी घरात विचारले आहे का, हे विचारा. साडी एकीची असते, हक्क चौघींचा असतो. त्यानंतर कापड उजेडासमोर धरून पाहावे. वर्षानुवर्षे एकाच घडीत राहिलेल्या रेशमाला घडीच्या रेषेवर बारीक चिरा पडतात, त्या सपाट टेबलावर दिसत नाहीत. दोन्ही अंगठ्यांनी दोन-तीन सेंमी अंतरावर धरून हलके ताणायचे, धागे सरकले किंवा चर्र आवाज आला तर तो भाग ताण येणाऱ्या जागी, म्हणजे पाठीला, काखेला, कोपराला, वापरायचा नाही. पांढरे ओले फडके घासून रंग सुटतो का तेही बघावे. मलमलचा थर मागून लावून दोन्ही एकच कापड समजून शिवावे, दोन सेंमी माया ठेवावी, ७० नंबरची नवी सुई आणि अडीच मिलिमीटरचा टाका. जरीचे काम असेल तर इस्त्री उलट बाजूने, वर फडके ठेवून, कमी आचेवर. एवढे करूनही काठ अंगाच्या कापडापेक्षा जड असतो, म्हणून मनगटाला काठ लावलेली हलकी बाही हळूहळू पिळते. आणि जॅकेटला दोन-अडीच मीटर लागले की उरलेली तीन मीटर साडी पिशवीत जाते, तिचे पुढे काहीच होत नाही. त्यापेक्षा आयतच कापा, लांब कच्च्या टाक्याने जोडा, उसवून परत जोडता येईल असे काहीतरी करा. ते जास्त अवघड आहे, म्हणून जास्त गुणांचेही असावे.

अंगाबद्दल तुम्ही फारच कमी बोलता. स्थलांतरितांच्या मुलाला आपण वेगळे आहोत हे बऱ्याचदा कपड्यांच्या दुकानातल्या ट्रायल रूममध्ये कळते. तयार मापे ज्या अंगांवरून ठरली ती त्याची नसतात. बाही बोटांवर येते, पँटचा गुडघा पोटरीवर येतो आणि मूल समजते की बिघाड आपल्यात आहे. बिघाड प्रमाणात असतो. उंची आठ सेंमीने कमी असेल तर ती सगळी खालून कापायची नसते. मानेपासून कंबरेपर्यंत दोन-अडीच, कंबरेपासून सीटपर्यंत एक-दीड, उरलेली गुडघ्याच्या वर आणि खाली वाटायची. जॅकेटची बाही मनगटाकडून चारेक सेंमीहून जास्त आखूड केली तर खरी काजे असलेली बटणे काठावर येऊन बसतात. मग बाही खांद्यापासून काढूनच आखूड करावी लागते आणि ते काम नवख्याचे नाही.

म्हणून पहिल्या वर्षी प्रमाणित पुतळ्यावर काम सुरू करण्याआधी प्रत्येकाला स्वतःच्या अंगाचा मूळ पॅटर्न काढायला लावा. छाती-कंबर-सीट पुरत नाही. खांद्याचा उतार, पाठीची रुंदी, समोरची लांबी छातीवरून, हाताची लांबी कोपर वाकवून. मांजरपाटाचे दोन नमुने: पहिला चुकतोच, दुसऱ्यात दुरुस्ती. डोक्यावर पगडी, स्कार्फ किंवा जाड वेण्या असतील तर हुडचे माप त्यांच्यावरून घ्यायचे, एका खांद्याच्या मानेलगतच्या बिंदूपासून डोक्यावरून दुसऱ्या खांद्याच्या बिंदूपर्यंत, आणि वर किमान पाच सेंमी सैल. बाजारातला हुड पगडीवर चढत नाही. तो चढेल असा बेतणे हे त्या मुलाच्या रोजच्या पावसाळ्याचे उत्तर आहे, आणि तुमच्या गुणपत्रकात त्याला संस्कृतीचा एकही गुण मिळत नाही.

वारसा म्हणजे सोडून आलेला देशच, हे कोणी ठरवले? लंडनच्या ब्रिक लेनवर एक इमारत आहे. १७४३ मध्ये ती फ्रान्समधून आलेल्या ह्यूगेनॉट, म्हणजे प्रोटेस्टंट, लोकांचे प्रार्थनाघर म्हणून बांधली गेली, १८९८ मध्ये सिनेगॉग झाली, १९७६ मध्ये मशीद. ह्यूगेनॉटांचे रेशीम विणणे, ज्यूंची शिंपीकामे, बांगलादेशींचे कपड्यांचे आणि चामड्याचे कारखाने, त्या परिसरातली तिन्ही वस्ती कापड-कपड्यावर जगली. न्यूयॉर्कच्या ट्रायँगल या ब्लाउज शिवणाऱ्या कारखान्यात २५ मार्च १९११ रोजी आग लागून १४६ जण गेले, त्यांत बहुतेक ज्यू आणि इटालियन स्थलांतरित स्त्रिया आणि मुली होत्या. आजही कितीतरी मुलांच्या आया घरी नगावर शिवतात. अशा आईच्या मुलीला कडा बांधणाऱ्या ओव्हरलॉक मशीनच्या चार दोऱ्यांतला कोणता दोरा सैल झालाय हे नुसत्या टिपेवरून कळते. पण पोर्टफोलिओत ती आईचे मशीन आणत नाही, पणजीचे भरतकाम आणते, जे तिने स्वतः कधी पाहिलेलेच नसते. आईने खिसे लावण्याचा जो क्रम बसवला आहे, तो काढून बघायला सांगा.

आणि कापणीतून ओळख उभी राहते, याला इतिहास साक्षी आहे. १९४० च्या दशकातल्या लॉस एंजेलिसमधल्या मेक्सिकन-अमेरिकन पोरांचा झूट सूट बघा: रुंद खांदे, गुडघ्यांकडे उतरणारा कोट, उंच कंबर, गुडघ्याशी फुगलेली आणि घोट्याशी आवळलेली पँट. मेक्सिकोचे एकही चित्र त्यावर नव्हते. फक्त घेर होता. युद्धामुळे १९४२ मध्ये लोकरीच्या कापडावर निर्बंध आले होते, त्यामुळे तो घेरच गुन्हा ठरला, आणि १९४३ च्या जूनमध्ये नौसैनिकांनी त्या पोरांना रस्त्यात गाठून मारले, अंगावरचे सूट फाडून काढले. फाडणाऱ्यांना कपड्याची भाषा चांगलीच कळली होती.

घानाहून आलेल्या आई-वडिलांचा लंडनमध्ये जन्मलेला मुलगा ओझवाल्ड बोटेंग याने १९९५ मध्ये सॅव्हिल रो या लंडनमधल्या नामांकित शिंप्यांच्या रस्त्याच्या परिसरात दुकान काढले ते अंगासरशी लांब रेषेच्या सुटांवर आणि भडक रंगाच्या अस्तरांवर. भारतीय-नायजेरियन घरातल्या प्रिया अहलुवालिया यांनी लागोस आणि पानिपत इथल्या वापरलेल्या कपड्यांच्या व्यापाराकडे पाहिले आणि जुन्या कपड्यांचे तुकडे जोडून पुरुषांचे कपडे केले. दोन्ही घरांना जोडणारा धागा त्यांना टाकून दिलेल्या कपड्यांच्या गठ्ठ्यांत सापडला. टेल्फार क्लेमन्स यांचे आई-वडील लायबेरियाचे. २००५ मध्ये त्यांनी स्त्री-पुरुष भेद न करणारे कपडे सुरू केले, पुढे त्यांची साधी, चौकोनी, फक्त अक्षर उमटवलेली पिशवी सगळीकडे दिसू लागली. लायबेरियाच्या ऑलिंपिक संघाचे कपडे त्यांनी केले ते टोकियोच्या वेळी, २०२१ मध्ये. मधली सोळा वर्षे कोणी त्यांच्याकडे मुळांचा दाखला मागत बसले असते तर?

तुमच्याकडून हवे आहे ते असे. मुलाखतीतला 'तुझी संस्कृती' हा प्रश्न सगळ्यांना विचारा किंवा कोणालाच नको. त्याऐवजी विचारता येईल: हा कपडा कोण घालेल, तो धुवेल कसा, त्याला वर्षभराने सैल करायचा असेल तर माया कुठे आहे. ज्या मुलाला वारशावर काहीही करायचे नाही त्याला तसे करू द्या, त्याच्या कामाला 'वैयक्तिकतेचा अभाव' असा शेरा मारू नका. सरळ कापणीच्या निदान दोन पद्धती, गोल मुंढ्याच्या बरोबरीने, पहिल्या वर्षाच्या प्रात्यक्षिकांत घ्या. आठवड्याचे दोन तास आणि माणशी चार मीटर मांजरपाट लागेल, त्यापलीकडे खर्च नाही.

आणि 'फिटिंग'च्या रकान्यावर एक मोकळी ओळ द्या, जिच्यात विद्यार्थ्याने कपडा कोणत्या पद्धतीने बेतला ते आधी लिहायचे. गुण देणाऱ्याने ती ओळ वाचून मगच काखेखालच्या घड्यांकडे बघावे. ही एक ओळ पुढच्या परीक्षेपासूनही छापता येईल.

कळावे,

आपले,
पॅटर्न कापणारे आणि कापायला शिकवणारे काही जण